आधी गावाला विचारा, मग करार करा : जलसंपदा आणि ऊर्जा विभागांना खुले पत्र

प्रति,
मा. सचिव, जलसंपदा विभाग
मा. सचिव, ऊर्जा विभाग
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय : उदंचन जलविद्युत प्रकल्पांचे करार करण्याआधी आदिवासी गावांच्या ग्रामसभांची संमती घेण्याबाबत.

महोदय,

मागच्या दिवाळीनंतर भाताची झोडणी उरकून खळी मोकळी झाली होती, तेव्हा आमच्या वाडीत एक जीप आली. चार माणसे उतरली, तिपाई आणि पेट्या घेऊन पठारावर चढली आणि संध्याकाळी उतरून निघून गेली. गावात कुणालाही भेटली नाहीत. दुसऱ्या दिवशी गुरांमागे गेलेल्या पोरांना वर कातळावर तांबड्या ऑइलपेंटने लिहिलेले आकडे दिसले, शेजारी एक बाण दिसला आणि कारवीच्या बेटाजवळ फडके बांधलेली एक खुंटी दिसली. बाणाचे टोक वाघोबाच्या शेंदूर लावलेल्या दगडापासून सात पावलांवर आहे. मी स्वतः जाऊन मोजली.

गावात तर्क सुरू झाले. कुणी म्हणाले रस्ता येणार. बायका म्हणाल्या, मोबाइलचा टॉवर असेल तर बरेच होईल. दोन-तीन आठवड्यांनी कॉलेजात जाणाऱ्या एका मुलाने मोबाइलवर आलेला नकाशा सगळ्यांना दाखवला. त्यावर दोन निळे डाग होते. एकावर लिहिले होते ‘वरचा तलाव’, दुसऱ्यावर ‘खालचा तलाव’. वरचा तलाव म्हणजे आमचे पठार. आमच्या डोंगरावर काय व्हायचे ठरते आहे, हे आम्हाला असे कळले.

गावाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कंपनीचेही लिहीत नाही. नाव लिहिले की तलाठ्याला फोन जाईल, त्या एका गावात एक बैठक होईल, चहा-बिस्किटे होतील आणि प्रश्न मिटला असे कागदावर येईल. हा प्रश्न एका गावाचा नाही. घाटमाथ्यावर आणि घाटाखाली जिथे जिथे असे आकडे पडलेत, त्या सगळ्या वाड्या-पाड्यांचा आहे.

मी अकोले तालुक्यातली, महादेव कोळी आदिवासी. आश्रमशाळांमधून ३१ वर्षे विज्ञान शिकवून निवृत्त झाले. त्यामुळे पहिल्यांदाच सांगते, मी विजेच्या विरोधात नाही आणि उदंचनाच्याही विरोधात नाही. दुपारी सूर्याची वीज मुबलक मिळते आणि संध्याकाळी सातला, नेमके घरोघर दिवे, पंखे, मिक्सर चालू होतात तेव्हा सूर्य मावळलेला असतो. मधली ही तूट भरून काढायला वीज कुठेतरी साठवावी लागते. दिवसा खालच्या तलावातले पाणी वर चढवायचे, संध्याकाळी तेच खाली सोडून टर्बाइन फिरवायचे, ही कल्पना चांगली आहे. नववीच्या मुलांना स्थितिज ऊर्जा शिकवताना याहून चांगले उदाहरण मला मिळाले नसते. घाटघरचा २५० मेगावॉटचा प्रकल्प आमच्याच तालुक्यात आहे. वरचे धरण घाटघरला, खालचे शहापूर तालुक्यात चोंढ्याला. तो २००८ मध्ये सुरू झाला. मी मुलांची सहल घेऊन त्या बाजूला गेले आहे.

हवामान बिघडले आहे हेही आम्हाला कुणी सांगायला नको. आवणी लांबते, कापणीच्या तोंडावर अवकाळी येतो आणि उभे भात आडवे होते. कोळशाचा धूर थांबलाच पाहिजे. पण ज्यांनी तो धूर काढला नाही, त्यांच्याच डोंगरावर त्याचा उतारा शोधायचा असेल, तर निदान त्यांना विचारून शोधा. माझे सगळे म्हणणे एवढेच आहे. बाकी पत्र त्याच्या कारणांचे आहे.

या प्रकल्पांबद्दल शहरात एक मोठा गैरसमज आहे, तो आधी दूर करते. उदंचन प्रकल्प वीज निर्माण करत नाही, साठवतो. पाणी वर चढवायला १०० युनिट घातले तर परत साधारण ७५ ते ८० मिळतात. तो साठा मोलाचा आहे, हे मान्य. पण बॅटरीसुद्धा हेच काम करते. म्हणजे दर वेळी ‘हा प्रकल्प नाही झाला तर राज्य अंधारात जाईल’ असे म्हणता येत नाही. कुठे साठवायची, कशात साठवायची, याला पर्याय असतात. पठाराला पर्याय नसतो. आमच्या पठारावर बाळहिरडा आहे आणि तो विकून घरात रोख पैसा येतो. वरई-नागलीची शेते आहेत. उन्हाळ्यात गुरे तिथेच चरतात. पावसाळ्यात त्या कातळात मुरलेले पाणी खालच्या झऱ्यांतून मार्च-एप्रिलपर्यंत झिरपत राहते आणि त्याच झऱ्यांवर वाडी पाणी भरते. वाघबारशीला गुराखी पोरे वाघोबापुढे खीर शिजवतात. यंदाही शिजवली. तीन दगडांची चूल मांडायला त्यांनी जागा शोधली तर एका दगडावर आकडा निघाला. पोरांनी तो दगड पालथा घातला आणि चूल पेटवली.

आता मी तुम्हाला आमच्या तालुक्यापासून खूप लांब, नंदुरबार जिल्ह्यात नेते. माझ्या नोकरीची मधली वर्षे तिकडे धडगावच्या बाजूला गेली. सातपुड्यात आले तेव्हा मला वाटे, आदिवासी म्हटले की आपण सगळे एक. पण तिथली बोली मला कळेना, माझी मराठी मुलांना कळेना. पहिले वर्ष मुलांनी मला शिकवले, मी त्यांना नाही.

त्या तालुक्यात बिलगाव नावाचे गाव आहे. तिथे उदई नदी डोंगरावरून उतरते आणि पुढे नर्मदेला मिळते. २००३ साली गावाने तिथे स्वतःचा वीजप्रकल्प उभा केला. नर्मदा बचाव आंदोलनाने पुढाकार घेतला, केरळातून आलेल्या दोन तरुण अभियंत्यांनी आराखडा केला आणि दगड, माती, खोदाईचे काम गावातल्या बायका-पुरुषांनी श्रमदानाने केले. छोटा बांध, त्यातून काढलेला पाट, पाण्याची टाकी, खाली उतरणारा पाइप आणि पायथ्याच्या खोलीत टर्बाइन. क्षमता १५ किलोवॉट. आज पुण्यातल्या एखाद्या सोसायटीच्या गच्चीवर याहून जास्त सौर पॅनेल असतात. पण १५ किलोवॉटवर बिलगावच्या पाड्यांत दिवे लागले.

मी मुलांना घेऊन ते बघायला गेले होते. पाट संपून पाणी पाइपात शिरते तिथे एक मुलगा पोटावर आडवा पडून नुसता आवाज ऐकत राहिला. एका घरात शिरलो तर घरच्या आजीने आम्हाला पाणी द्यायच्या आधी बटण दाबून दिवा लावून दाखवला. भर दुपार होती. मग माझ्या सगळ्या मुलांनी ओळीने ते बटण दाबले, आजीने एकालाही ‘पुरे’ म्हटले नाही. ‘यांत पाणी जळत नाही का?’ असे एकीने मला विचारले. नाही, म्हटले, पाणी तसेच पुढे जाते, नर्मदेला. स्वच्छ ऊर्जा म्हणजे काय हे मी त्या दिवशी शिकवले. तो पाठ मला परत कधी तितका चांगला जमला नाही.

मार्च २००६ मध्ये सरदार सरोवर धरणाची उंची ११०.६४ मीटरवरून १२१.९२ मीटरपर्यंत नेण्याची परवानगी मिळाली. त्याच पावसाळ्यात डूब आली आणि बिलगावचा प्रकल्प वाहून गेला. वीज बनवणाऱ्या एका धरणाने वीज बनवणाऱ्या दुसऱ्या बांधाला बुडवले. सरदार सरोवराची क्षमता १४५० मेगावॉट आहे. बिलगावच्या जवळपास ९७ हजार पट. आकड्यांच्या भाषेत कुणी म्हणेल, मग काय चुकले? त्यांना माझे एवढेच विचारणे आहे की त्या १४५० मेगावॉटपैकी २७ टक्के वाटा महाराष्ट्राचा ठरला होता. या राज्याला ती वीज मिळावी म्हणून अक्कलकुवा आणि अक्राणी (म्हणजे धडगाव) तालुक्यांतली ३३ गावे डुबेत गेली. त्या गावांतल्या किती पाड्यांत त्या विजेचा दिवा आधी लागला, आणि किती जणांनी पुनर्वसनाच्या वसाहतीत तो लागण्याची वर्षानुवर्षे वाट पाहिली?

महोदय, नर्मदेच्या बाबतीत नियम नव्हते असे नाही. नियम तर चांगले होते. १९७९ च्या नर्मदा पाणी तंटा लवादाच्या निवाड्यात जमिनीला जमीन हे तत्त्व होते आणि डूब येण्याच्या एक वर्ष आधी पुनर्वसनाच्या जमिनी आणि घरजागा मिळाल्या पाहिजेत असेही होते. तो निवाडा देशातल्या तोवरच्या कोणत्याही धरणाच्या नियमांपेक्षा उजवा होता. घोटाळा झाला तो कागदावर कोण आहे आणि कोण नाही यात. ज्या डोंगरात पिढ्यान् पिढ्या नेवाड, म्हणजे जंगलात फोडलेली शेती, कसली जात होती, तिथे सातबारा कुणाचा असणार? सरकारी नोंदीत तो माणूस अतिक्रमणदार. मग ‘घोषित’ आणि ‘अघोषित’ असे दोन शब्द जन्माला आले. एकाच घरातला एक भाऊ घोषित प्रकल्पग्रस्त, दुसरा अघोषित. शाळेत मुलाचे नाव घालताना बापाच्या व्यवसायाच्या रकान्यात काय लिहायचे असे मी विचारले की एक-दोघे तरी ‘अघोषित’ म्हणायचे. जणू तोच त्यांचा धंदा. पुनर्वसनासाठी तळोद्याचे जंगल मोकळे केले, तर तिथेही आधीपासून नेवाड कसणारे आदिवासी होतेच. एका आदिवासीला बसवायला दुसऱ्याला उठवायचे.

नर्मदाकाठच्या मणिबेली गावाच्या लोकांचे आणि शेजारच्या गावांचे जे झाले त्याची चौकशी जागतिक बँकेने स्वतः नेमलेल्या मोर्स आयोगाने केली, १९९२ मध्ये अहवाल दिला, पुढच्याच वर्षी बँकेचे कर्ज थांबले. एवढे होऊनही धरण १३८.६८ मीटरपर्यंत गेलेच आणि २०१७ मध्ये त्याचे लोकार्पण झाले. धरण पूर्ण झाले, माणसे अजून खेटे घालत आहेत.

नर्मदा कुणाला दूरची वाटत असेल तर मुळशी तरी पुण्याच्या उंबऱ्याशी आहे. १६ एप्रिल १९२१, रामनवमीचा दिवस. टाटांच्या धरणाविरुद्ध मावळातल्या शेतकऱ्यांचा सत्याग्रह त्या दिवशी सुरू झाला. पुढे सेनापती बापट त्याचे सेनापती म्हणून ओळखले गेले. ५२ गावांचा प्रश्न होता. मुंबईला वीज हवी होती आणि पाण्याची वीज कोळशापेक्षा स्वच्छ, हा युक्तिवाद तेव्हाही होता. त्या लढ्याचा एक भाग आपण शाळेत शिकवत नाही. मुळशीच्या कितीतरी जमिनी सावकारांच्या नावावर होत्या. कसणारा एक, कागदावरचा मालक दुसरा. मोबदला घ्यायला मालक तयार झाले आणि कसणारे एकटे पडले. सत्याग्रह मोडण्यात पोलिसांच्या लाठीइतकाच त्या कागदाचा हात होता. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी मुळशीत सावकाराचा कागद, तीस वर्षांपूर्वी नर्मदेत घोषित-अघोषितचा कागद. आमच्या डोंगरात कोणता कागद येणार आहे, त्याकडे मी डोळे लावून बसले आहे.

कारण यावेळी एक कागद आमच्या बाजूचाही आहे. २००६ चा वनहक्क कायदा. त्याने पहिल्यांदा म्हटले की आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला, आणि सामूहिक वनहक्क गावाला दिला. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने तो २००९ मध्ये मिळवून दाखवला, १८०० हेक्टरहून अधिक जंगलावर. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा आम्ही पहिल्यांदा ऐकली तेव्हा गमतीची वाटायची. कायद्याने ती खरी केली. ऑगस्ट २००९ मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने परिपत्रक काढले की जंगलाची जमीन दुसऱ्या कामासाठी वळवायची तर आधी वनहक्कांचे दावे निकाली काढा आणि ग्रामसभेची संमती घ्या. १८ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने नियमगिरीच्या खटल्यात ग्रामसभांना विचारायला सांगितले आणि ओडिशातल्या त्या डोंगरावरच्या १२ च्या १२ ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नाही म्हटले. २०१३ चा भूसंपादन कायदाही अनुसूचित क्षेत्रात आधी संमती मागतो. पेसा, म्हणजे अशाच क्षेत्रात ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, तर १९९६ पासून आहे. कायद्यांची वाण नाही.

मग २०२२ मध्ये वन संवर्धनाचे नियम बदलले. आता केंद्राची मंजुरी आधी मिळू शकते आणि वनहक्कांची पूर्तता झाली की नाही हे बघायचे काम त्यानंतर राज्य सरकारवर येते. अनेकांनी यावर टीका केली, मीही करते. पण याचा दुसरा अर्थ असा की आमचा दरवाजा आता दिल्लीला नाही, मुंबईला आहे. म्हणून हे पत्र तुम्हाला लिहिले. राज्याने मनावर घेतले तर क्रम पुन्हा सुलटा होऊ शकतो. त्यासाठी संसदेत जावे लागत नाही, विभागाचा एक शासन निर्णय पुरेल.

क्रमच सगळे बिघडवतो, महोदय. २०२३ मध्ये राज्याने उदंचन प्रकल्पांसाठी धोरण आणले. त्यानंतर मुंबईत करार झाले, सह्या झाल्या, मेगावॉट आणि कोटींचे आकडे पेपरात आले. त्या बातम्यांमध्ये रोजगाराचे आकडे होते. गावांची नावे नव्हती. आमच्याकडे मुलीचे लग्न ठरवायचे तर घरचे आधी मुलीला विचारतात, मग पाहुण्यांना होकार कळवतात. इथे सुपारी फुटली, साखर वाटून झाली, मांडवाचे माप घ्यायला माणसे आली आणि मुलीला अजून कुणी विचारलेच नाही. अशा वेळी मुलगी नाही म्हणाली तर ती आडमुठी ठरते. गावाचेही तेच होते. करार झाल्यावर ग्रामसभा भरवली की तिच्यापुढे प्रश्न ‘प्रकल्प हवा का’ हा नसतो, ‘मोबदला किती’ एवढाच उरतो. आणि नाही म्हणणारा विकासविरोधी.

उलट्या क्रमाने काय होते त्याची दोन उदाहरणे देते. पहिले आमच्या शेजारचे. भीमाशंकर अभयारण्याच्या कडेला खेडच्या डोंगरांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट समितीने २०११ च्या अहवालात त्यांची हकिगत सविस्तर लिहिली. वनखात्याच्याच अंदाजाने २८ हजारांच्या घरात झाडे गेली, डोंगरकड्यांतून रुंद रस्ते कापले, दरडी कोसळल्या, राडारोडा शेतांत आणि ओढ्यांत उतरला. आणि ज्यांचे वनहक्क नोंदवायचे होते त्याच लोकांना डोंगरावर जायला अटकाव झाला. पवनचक्की धूर सोडत नाही, हे खरे. ती उभी करायला केलेला रस्ता मात्र दरड सोडतो.

दुसरे उदाहरण नॉर्वेचे. मुद्दाम श्रीमंत आणि कायदा पाळणाऱ्या देशाचे घेते. तिथल्या फोसेन भागात सामी आदिवासी रेनडिअर पाळतात, जसे आपल्याकडे धनगर मेंढरे घेऊन फिरतात. त्यांच्या हिवाळी कुरणांवर १५१ पवनचक्क्या उभारल्या. सामी कोर्टात गेले. खटला चालू होता तोवर चक्क्या उभ्या राहून फिरूही लागल्या. ११ ऑक्टोबर २०२१ ला नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला की हा सामींच्या संस्कृती जपण्याच्या मानवी हक्काचा भंग आहे. सामी जिंकले. चक्क्या फिरत राहिल्या. निकालाला ५०० दिवस झाले तेव्हा, फेब्रुवारी २०२३ मध्ये, सामी तरुण-तरुणी आपले पारंपरिक कपडे घालून ऊर्जा मंत्रालयातच ठिय्या देऊन बसले. सरकारने माफी मागितली. डिसेंबर २०२३ आणि मार्च २०२४ मध्ये समझोते झाले. चक्क्या अजून तिथेच आहेत. एवढ्या प्रामाणिक न्यायव्यवस्थेलाही एकदा ओतलेले काँक्रीट उचलता आले नाही. मग आमच्या गावाने कोर्टाच्या भरवशावर थांबायचे कसे?

म्हणून आमची मागणी क्रमाची आहे. करारावर सही होण्याआधी प्रकल्पाचा नकाशा, बुडणाऱ्या जमिनीचे गट क्रमांक, लागणारे पाणी आणि ते कुठून येणार हे सगळे मराठीत लिहून ग्रामसभेपुढे ठेवा. आणि नुसते लिहून भागणार नाही. आमच्यात वाचता न येणारी माणसे अजून आहेत आणि पठाराबद्दल सगळ्यात जास्त तीच जाणतात. त्यांच्यापुढे तोंडी सांगा, त्यांचे प्रश्न ऐका, एकदा नाही, तीनदा. ग्रामसभा म्हणजे ग्रामपंचायतीच्या कार्यालयातले सरपंच आणि ग्रामसेवक नव्हेत. पेसाखाली प्रत्येक वाडी, प्रत्येक पाडा स्वतःची ग्रामसभा भरवू शकतो. जी वाडी बुडणार तिची सभा झाली पाहिजे, तालुक्याच्या गावची नव्हे.

वनहक्काचे जे दावे पडून आहेत ते आधी निकाली काढा. आमच्या वाडीचा सामूहिक दावा उपविभागीय समितीकडे गेला, परत आला, त्रुटी काढली, पुन्हा गेला. जीपीएस मोजणीसाठी एकदा माणूस आला, दोन कोपरे मोजून पाऊस आला म्हणून गेला, परत आलाच नाही. त्याच पठाराची मोजणी त्या चार जणांनी एका दिवसात संपवली. यंत्र तेच होते, महोदय. इच्छा कुणाची होती एवढाच फरक.

कातकरी आणि भूमिहीन घरांचा विचार मोबदल्याच्या शेवटी करू नका, सुरुवातीला करा. ज्याच्या नावावर घराखालचीही जागा नाही तो कोणत्याच यादीत येत नाही, आणि मुळशीपासून नर्मदेपर्यंत सगळ्यात आधी तोच वाहून गेला आहे.

गाव हो म्हणाले, आणि काही गावे म्हणतीलही, तर जमीन एकरकमी घेऊन माणसाला मोकळे करू नका. भाडेपट्ट्याने घ्या, दरवर्षी भाडे द्या, मालकी गावाची राहू द्या. प्रकल्प चालू आहे तोवर उत्पन्नातला वाटा ग्रामसभेच्या खात्यात येऊ द्या. आणि टर्बाइन फिरायच्या आधी खालच्या-वरच्या सगळ्या वाड्यांत वीज आणि नळाचे पाणी पोचलेले असू द्या. शहापूर तालुक्यात भातसा आहे, तानसा आहे, मुंबईची तहान त्यांच्यावर भागते आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकर लागतो. आमच्या बायकांना हे माहीत आहे, कारण त्यांच्या बहिणी तिकडे दिल्या आहेत.

आणि गाव नाही म्हणाले, तर ते ‘नाही’ ऐका. पुन्हा पुन्हा सभा घेऊन, एकेका कारभाऱ्याला बाजूला गाठून, कुणाच्या मुलाला सुपरवायझरची नोकरी कबूल करून त्या ‘नाही’चे ‘हो’ करू नका. हे सगळ्यात अवघड आहे हे मला कळते. तुमच्यावर मेगावॉटचे उद्दिष्ट आहे, तुम्हालाही वर उत्तर द्यावे लागते. पण जिथे नाही म्हणता येत नाही तिथे हो म्हणण्याला काय किंमत? मी वर्गात विचारायचे, समजले का? सगळे एका सुरात ‘हो बाई’ म्हणायचे. तेव्हा मला कळायचे की कुणालाच समजलेले नाही. समजलेला मुलगा हात वर करून म्हणतो, नाही बाई, हे असे कसे?

जलसंपदा आणि ऊर्जा विभागांत चांगले अभियंते आहेत. माझे काही विद्यार्थीही आज सरकारी नोकरीत अभियंते आहेत, आदिवासी वाड्यांतून गेलेली मुले. त्यांना बिलगावचे काम माहीत असेल, नसेल तर सांगा. पाणी वरून खाली येते तेव्हा वीज होते हे सातपुड्यातल्या माणसांना कुणी पटवून द्यावे लागले नाही. त्यांनी स्वतः दगड वाहिले, कारण काय होणार आणि कुणासाठी होणार हे त्यांना आधीपासून ठाऊक होते. कुणा कंत्राटदाराने मजुरी दिली असती तरी तो पाट इतक्या मायेने खणला गेला नसता. तुम्हाला पठारांवर तलाव बांधायचे आहेत. गाव तुमच्या बाजूने उभे राहिले तर ते किती सोपे होईल, याचा हिशेब एकदा तुमच्या अंदाजपत्रकात मांडून बघा.

२६ जानेवारीला आमच्या वाडीची ग्रामसभा आहे. सकाळी झेंडावंदन झाले की शाळेच्या पटांगणात बसतो. तुमच्यापैकी कुणीतरी या. मोठे साहेब नसतील तर नकाशा समजावून सांगू शकेल असा एखादा अभियंता पाठवा. गाडी शाळेपर्यंत येते. आधी पठारावर जाऊ, चढायला पाऊण तास लागतो, उतरताना गुडघे दुखतात म्हणून काठी आम्ही देऊ. वाघोबाचा दगड, हिरड्याची झाडे आणि झऱ्याचे मूळ बघून घ्या. तांबडे आकडे तिथेच आहेत, यंदाच्या पावसातही गेले नाहीत. त्यांचा अर्थ काय, तो आम्हाला तिथे उभे राहून सांगा. मग खाली येऊन सभेत बसू. जेवायला नागलीची भाकरी आणि खुरासणीची चटणी असेल.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका
तालुका अकोले, जिल्हा अहिल्यानगर